बुरुडणीची चटई आणि ओतारणीची घंटा

तांबखिंडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात भिवरा नावाची एक ओतारीण राहत होती. ओतारी म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे, समया, घंटा, देवाचे टाक घडवणारे लोक. भिवराचा हात चांगला होता आणि जीभ हाताहून धारदार होती. गावात म्हणायचे, हिची भट्टी एकवेळ थंड होईल, ही नाही व्हायची.

खिंड मात्र वाईट होती. वर्षातले चार महिने तिथे असं धुकं उतरायचं, की आपला हात आपल्याला दिसू नये. गावापासून तीन हजार पावलांवर वाटेला फाटा होता. उजवी वाट गावात यायची. डावी कड्यावर जायची, आणि कड्याच्या पुढे काही नव्हतं. धुक्यात माणसाने वाट ओळखायची ती घंटेच्या आवाजावरून. पण वेशीवरची जुनी घंटा जेमतेम दोन हजार पावलं ऐकू जायची. म्हणजे जिथे तिची गरज, नेमकी तिथेच ती मुकी.

मागच्या धुक्यात नऊ माणसं कड्यावरून गेली. त्यात भिवराचा नवरा होता. त्या दिवशी घंटेचा दोर भिवराच ओढत होती. हाताची सालटी निघाली तरी ओढत होती. तो आला नाही. ती रडली, आठ दिवस कुणाशी बोलली नाही, आणि नवव्या दिवशी तिने भट्टी पेटवली. त्यानंतर ती कुणाला भ्यायली नाही.

राजाच्या कानावर हे गेलं. त्याने हुकूम काढला, की धुकं उतरायच्या आत फाट्यापर्यंत ऐकू जाईल अशी घंटा झाली पाहिजे. घंटेचा धातू म्हणजे कासं पाठवलं, कोळसा पाठवला. धुक्याला तेव्हा शंभर दिवस होते. हुकूम चांगलाच होता हो, पण हुकमाच्या मागोमाग विसाजीपंत आले आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

विसाजीपंत म्हणजे राजाचे कारखानीस. राज्यातल्या सगळ्या भट्ट्यांवर त्यांची नजर. त्यांनी ओट्यावर एक कागद पसरला. कागदावर बुद्धिबळाच्या पटासारखी चौसष्ट घरं होती.

पंत म्हणाले, "घंटेच्या काठाच्या जाडीची मापं आठ. तोंडाच्या रुंदीची मापं आठ. आठ आठे चौसष्ट. प्रत्येक घराची एक घंटा ओतायची, वाजवायची, ज्या घंटेचा आवाज सगळ्यात लांब जाईल ती वेशीवर टांगायची. या कोपऱ्यापासून सुरुवात करा. आमचा दस्तूर असा आहे."

भिवराने कागद पाहिला. मग बोटांवर हिशेब केला.

"पंत, एक घंटा ओतायला आठ दिवस. साचा करायचा, वाळवायचा, ओतायचं, निवू द्यायचं. त्यात घाई चालत नाही. आणि धुक्याला दिवस शंभर. म्हणजे बारा घंटा. तुमच्या पटाची दुसरी ओळ अर्धी होईल आणि धुकं दारात उभं राहील."

"मग राहील. पुढची घरं पुढच्या वर्षी."

"आणि मधल्या वर्षी जी माणसं कड्यावरून जातील, ती कोणत्या घरात मांडायची?"

पंतांना हे लागलं. ते म्हणाले, "बाई, अंदाजपंचे घंटा करता येत नाही. ओतल्याशिवाय आवाज कळत नाही."

"शंभर टक्के खरं. ओतल्याशिवाय कळत नाही. पण भात शिजला का हे बघायला आम्ही एक शीत दाबतो. अख्खं पातेलं चावून बघत नाही."

पंतांनी शिपायांकडून कोपऱ्यातल्या घराच्या घंटेचा साचा घालून घेतला. भिवराने तो लाथेने मोडला. एवढ्यावर प्रकरण राजापर्यंत गेलं. राजा तरुण होता, त्याला गंमत वाटली. त्याने विचारलं, बाईचं म्हणणं काय आहे. भिवराने निरोप पाठवला, की कोणत्या घरांच्या घंटा ओतायच्या ते मी ठरवणार. राजाने कबूल केलं, पण एक अट घातली. धुकं उतरलं तेव्हा घंटा फाट्यापर्यंत ऐकू गेली नाही, तर तिची भट्टी कायमची विझवायची.

भिवरा म्हणाली, "चालेल."

तिने अंगणात चुन्याने चौसष्ट घरांचा पट आखला. सात घरं निवडली. पण पंतांसारखी एका ओळीत नाही. एक इकडे, एक तिकडे, एक मध्ये, अशी विखरून. शेतात बी फेकतात ना, एकाच जागी मूठ रिकामी करत नाहीत, तशी. जाड-अरुंद, पातळ-रुंद, मधली, असे सगळे प्रकार थोडे थोडे आले पाहिजेत, हा तिचा हिशेब.

छप्पन्न दिवसांत तिने सात घंटा ओतल्या. घंटा वाजू लागली, की गावचा जागल्या दादू पाठ फिरवून खिंडीत चालू लागायचा, आणि आवाज ऐकू येईनासा झाला की थांबायचा. दादूचा कान पक्का होता आणि तो खोटं बोलत नसे. जितकी पावलं दादू सांगायचा, तितक्या उंचीची काठी भिवरा त्या घंटेच्या घरात रोवायची. शंभर पावलांना एक बोट. अंगणाच्या चारी बाजूंनी तीस बोटं उंचीवर तिने सुतळी ताणली. तीस बोटं म्हणजे तीन हजार पावलं, म्हणजे फाटा.

सातही काठ्या सुतळीच्या खाली राहिल्या. सगळ्यात उंच काठी सव्वीस बोटांची.

विसाजीपंत येऊन पाहून गेले. जाताना शिपायाला म्हणाले, भट्टी विझवायला किती घागरी पाणी लागेल ते बघून ठेव. गावातल्या पोरांनी अंगणाला काठ्यांचं वावर असं नाव पाडलं. भिवरा रोज सकाळी त्या सात काठ्यांकडे बघत बसायची. उरले होते चव्वेचाळीस दिवस, आणि रिकामी घरं सत्तावन्न. आता कोणतं घर निवडायचं? इथे मात्र ती अडली होती. तिला भीती भट्टीची नव्हती. तिला भीती होती ती धुक्यात पुन्हा तो दोर हातात धरायची.

शेजारी तुळसाआक्का बुरुडीण राहायची. सुपं, टोपल्या, तट्ट्या विणून पोट भरणारी, भिवराहून वीस वर्षांनी मोठी. ती एकदा विस्तव मागायला आली आणि काठ्या बघून थांबली.

"काय गं भिवरे, या काठ्यांच्या मधे काय असतं?"

"तेच तर माहीत नाही, आक्का. तिथल्या घंटा ओतलेल्याच नाहीत."

"अगं, पण तुझं कासं काय माकडासारखं उड्या मारतं? या घरातली घंटा आणि शेजारच्या घरातली घंटा, आवाजात फार लांबच्या असतात का?"

भिवराने विचार केला. "नाही. शेजारच्या घंटा बहिणी-बहिणी असतात. थोडं वर, थोडं खाली."

"मग कांबेसारखंच की." तुळसाआक्काने हिरव्या बांबूची एक पातळ कांब आणली. एका काठीच्या टोकाला बांधली, वाकवून दुसरीच्या, मग तिसरीच्या. "कांब कोपरा घेत नाही. चढताना चढते, उतरताना उतरते, आणि मधे कुठे फुगायचं ते तिचं तीच ठरवते."

भिवरा त्या कांबेकडे बघत राहिली. दोन काठ्यांच्या मधे, जिथे काहीच रोवलेलं नव्हतं, तिथे कांब दोन्ही काठ्यांपेक्षा उंच गेली होती.

दोघींनी मिळून दोन दिवसांत अख्ख्या पटावर चटई विणली. कांबी उभ्या, कांबी आडव्या, सातही काठ्यांच्या टोकांना गच्च बांधलेल्या. विणून झाली तेव्हा अंगणात बांबूचा एक डोंगर उभा राहिला. कुठे उतार, कुठे खळगा, आणि एका जागी टेंगूळ. ते टेंगूळ सुतळीच्या वर एक बोट निघालं होतं.

आता बघा, चौसष्ट घंटांना विचारायचं तर पाचशे बारा दिवस. चटईला विचारायचं तर एक सकाळ. काठी घेऊन घराघरावर उंची मोजायची, झालं. कोळशाचा एक तुकडा जळला नाही.

टेंगळाखालच्या घराची घंटा भिवराने ओतली. चटई म्हणत होती, एकतीसशे पावलं. दादू चालत गेला आणि परत येऊन म्हणाला, "साडेअठ्ठावीसशे."

पंत त्या दिवशी मुद्दाम आले होते. ते पोट धरून हसले. "तुझी चटई खोटं बोलली की गं."

"बोलली," भिवरा म्हणाली. "पण तिच्या खोटेपणाने सुद्धा सातही घंटांच्या पुढची घंटा दिली. तुमच्या खरेपणाने काय दिलं, तेवढं सांगा."

भिवराने त्या घरात साडेअठ्ठावीस बोटांची काठी रोवली आणि चटई खाली ओढून तिला बांधली. टेंगूळ तिथून दबलं, आणि एक घर सरकून जरा जाड काठाच्या बाजूला पुन्हा वर आलं. चटई शिकली होती. उरले होते चौतीस दिवस.

इतक्यात राजा स्वतः आला. त्याने अंगणातला डोंगर पाहिला, कसं काय ते समजून घेतलं, आणि तो हरखून गेला. चटईभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग त्याची नजर पटाच्या दूरच्या कोपऱ्यावर गेली. सगळ्यात जाड काठ, सगळ्यात रुंद तोंड. तिथे काठी नव्हती. कांबींची टोकं मोकळी होती आणि ती वर उडालेली होती, सुतळीच्याही दहा बोटं वर.

"हे बघा," राजा म्हणाला. "चार हजार पावलं. एवढी मोठी घंटा उभ्या मुलखात नसेल. हीच ओता. माझं नाव घाला तिच्यावर. आणि ती वाजवून, चालून, मोजून बघण्यात दिवस घालवू नका. चटईने सांगितलंय ना, थेट टांगा."

आणि पंत काय म्हणाले असतील? ज्यांना चौसष्ट घंटांहून एक कमी चालत नव्हती, ते म्हणाले, "महाराज बोलले ते योग्य आहे. चटई सिद्ध झालेली आहे." वारा येईल तशी पाठ फिरवणारी माणसं सगळ्या कारखान्यांत असतात.

भिवरा म्हणाली, "नाही."

राजाने विचारलं, "काय नाही?"

"ती घंटा मी ओतणार नाही. महाराज, जरा इकडे या. इथे बोट लावा." तिने काठ्यांच्या मधल्या टेंगळावर राजाचं बोट ठेवलं. चटई घट्ट होती. मग ती त्याला कोपऱ्यात घेऊन गेली. बोट लागताच कांबी लटलट हलल्या. "जिथे आजूबाजूला काठ्या आहेत तिथे चटई भक्कम आहे. इथे काठी नाही. इथे ती आपल्याला काही सांगत नाहीये, नुसती वाऱ्यावर उडतेय. आणि एवढी घंटा घडवायला तीस दिवस लागतील. चुकली तर दुसरी करायला दिवस उरत नाहीत. मग माणसं मरतील."

"मी हुकूम देतोय."

"द्या. हुकूम तुमचा आहे, हात माझे आहेत. आणि आणखी एक सांगते. कोणतीही घंटा असो, चटईच्या भरवशावर मी ती टांगणार नाही. दादू फाट्यावर उभा राहील, आपल्या कानाने ऐकेल, मग टांगेन."

राजाची कानशिलं लाल झाली. रागाने बोलणं त्याला शोभलं नसतं, म्हणून तो थंडपणे बोलला. माझ्या राजधानीत ओतारी पुष्कळ आहेत, म्हणाला. शिपायांनी आठही घंटा गाड्यांवर घातल्या, उरलेलं कासं घातलं, आणि घेऊन गेले. भट्टी विझवण्याची अट तेवढी मागे ठेवली.

भिवराजवळ चटई होती, थोडा कोळसा होता, आणि ओतायला गुंजभर धातू नव्हता.

गावात फक्त एकाच ठिकाणी कासं उरलं होतं. वेशीवर. भिवराने शिडी लावली आणि जुनी घंटा उतरवायला घेतली. माणसं धावत आली. तुळसाआक्काने सुद्धा तिचा हात धरला.

"भिवरे, दोन हजार पावलं तरी ऐकू येते गं ती. नवी बिघडली, तर तेही जाईल."

"आक्का, दोन हजार पावलांवर मेलेलं कुणी नाही. मरतात ते तीन हजारांवर." तिने दोर कापला. "ही घंटा मी ओढलेली आहे. ती काय कामाची आहे ते मला नका सांगू."

मग कुणी अडवलं नाही. टेंगूळ जिथे सरकलं होतं, त्या घराची घंटा तिने ओतली. आठ दिवस गावाला घंटा नव्हती, आणि सगळं गाव रोज खिंडीकडे बघायचं. आठव्या दिवशी साचा फोडला. चटईचं म्हणणं होतं एकतीसशे पावलं. भिवराने ते कुणाला सांगितलंही नाही. तिने घंटा दोन खांबांमध्ये अडकवली, टोले द्यायला लागली, आणि दादू चालू लागला.

दादूला यायला फार वेळ लागला. तो आला तो घामाघूम होऊन. म्हणाला, "फाट्यावर पोचलो, ऐकू येत होती. वाटलं, कान फसवतोय. म्हणून पुढे गेलो. एकशेचाळीस पावलं पुढे गेलो, तेव्हा कुठे थांबली."

भिवरा भट्टीच्या ओट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून खूप रडली. मग उठली आणि घंटा वेशीवर टांगली.

सत्त्याण्णवाव्या दिवशी वाजतगाजत राजाची घंटा आली. आठ बैलांचा गाडा, मागे राजा, मागे पंत. घंटा अशी अजस्र की तिच्याखाली शेळ्या बांधाव्यात. काठावर राजाचं नाव वीतभर अक्षरांत. वेशीच्या दुसऱ्या बाजूला नवे खांब पुरून तिला टांगलं. ती टांगून होते न होते, तोच खिंडीतून धुकं उतरलं. तीन दिवस आधीच. बघता बघता वेस दिसेनाशी झाली.

राजा म्हणाला, "आमची घंटा वाजवा. ओतारणीची नको. दोन आवाजांनी वाटसरू गोंधळतील."

चार शिपायांनी दोर ओढला. घंटा वाजली. आवाज मोठा होता खरा, पण गोधडीत गुंडाळलेल्या हंड्यावर मारावं तसा जड, आणि पडला तिथेच बसला. ओतारणीच्या कानाला एका टोल्यातच कळलं.

"महाराज, हा फाट्यापर्यंत जात नाही."

"मोजलंस?"

"तुम्ही मोजलंत?"

भिवरा आपल्या घंटेखाली गेली. एक शिपाई आडवा आला, तिने त्याला नुसतं बाजूला सारलं. भट्टीवर राबलेले हात ते. तिने दोर धरला आणि टोला दिला. पंत ओरडले, "हुकूम मोडतेस."

"मोडतेय. भट्टी विझवा, हात तोडा, काय करायचं ते धुकं गेल्यावर करा. वाटेवर आत्ता कोण असेल ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. तोवर हा दोर मी सोडत नाही."

आणि ती ओढत राहिली. टणक, उंच आवाज धुक्यात शिरायचा आणि जात राहायचा. शिपायांनी राजाकडे पाहिलं. राजाने हात वर केला नाही, खालीही केला नाही. पंत म्हणाले, आपल्या घंटेचं नाव जाईल. मग शिपाई राजाच्या घंटेचाही दोर ओढू लागले. दोन्ही घंटा वाजत राहिल्या.

बऱ्याच वेळाने धुक्यातून गळ्यातली घुंगरं ऐकू आली. मग बैलाचं तोंड दिसलं, मग दुसऱ्याचं. मिठाच्या गोण्या घेऊन वंजाऱ्यांचा तांडा आला होता. चौदा बैल, सहा माणसं, एक तान्हं मूल. पुढच्या म्हाताऱ्या नायकाने डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि खाली बसला. त्याच्यासमोर राजा उभा आहे हे त्याला कोण सांगणार?

तो म्हणाला, "पाणी द्या कुणीतरी. आणि ती घंटा थांबवा आता, कान किटले. फाट्यावर बैल डावीकडे वळलेले, दोन तर पुढे गेलेले. तेवढ्यात ही बया कोकलायला लागली. बैल ओढून माघारी फिरवले."

राजाने हळूच विचारलं, "कोणती घंटा? इथे दोन आहेत."

नायकाने मान वळवली. भिवराच्या घंटेकडे बोट दाखवलं. मग राजाच्या घंटेकडे बघून जरा वेळ कान दिला.

"ही दुसरी पण घंटाच होय?" तो म्हणाला. "ही तर आम्हाला आत्ता, वेशीत पाय टाकल्यावर ऐकू येतेय."

राजाने शिपायांना दोर सोडायला सांगितला. मग तो भिवराजवळ गेला आणि म्हणाला, "थकली असशील. जरा वेळ मी ओढतो."

भिवराने त्याच्याकडे पाहिलं, आणि दोर दिला.

तात्पर्य: प्रत्येक शंका सत्याला विचारायला आयुष्य पुरत नाही, म्हणून थोडं सत्य पदरचं खर्चून मिळवावं आणि त्यावर शहाणा अंदाज बांधावा, पण अंदाज शोधायला असतो, शपथ घ्यायला नाही, आणि जिथे माणसाचा जीव टांगलेला आहे तिथे पारख झाल्याशिवाय राजालाही हो म्हणू नये.